पांगुळगाडा की वॉकर? लाकडी गाड्याचं चाकापासून दांड्यापर्यंत परीक्षण

दुकानात ‘पांगुळगाडा दाखवा’ म्हटलं की आज बहुतेक ठिकाणी समोर येतो तो प्लॅस्टिकचा गोल वॉकर. मध्ये कापडी झोळीसारखी बैठक, भोवती कडं, खाली सगळीकडे वळणारी सहा-आठ चाकं आणि पुढे गाणी वाजवणारा ट्रे. दुकानदार त्यालाच पांगुळगाडा म्हणतो, घरातली मोठी माणसंही म्हणतात. नाव एकच पडल्यामुळे दोन अगदी उलट्या वस्तू एक समजल्या जातात, आणि मुलाच्या चालण्याच्या दृष्टीने हा घोटाळा महागात पडतो.

खऱ्या पांगुळगाड्यात मूल बसत नाही. तीन चाकांची लाकडी चौकट, मागच्या चाकांपाशी उभ्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा, एवढीच ती वस्तू. मूल मागे उभं राहतं, दांडा धरतं, ढकलतं. तोल गेला की ते पडतं, दांडा सोडला तरी पडतं. वॉकरमध्ये मात्र पडायची सोयच नसते, आणि विकत घेणाऱ्याला तोच त्याचा गुण वाटतो.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: लाकडी गाडा घ्या, पण दुकानातून आणला तसा वापरू नका, त्यात दोन-तीन दुरुस्त्या लागतात. वॉकर विकत घेऊ नका, भेट आला तर वापरू नका, आणि दुसऱ्या कुणाला देऊही नका.

आधी वॉकरबद्दल, कारण तो घरोघरी आहे. त्यात मुलाचं वजन पायांवर येत नाही, झोळीवर येतं. पाय जमिनीला टेकतात ते बोटांनी. मूल चवड्यांनी जमीन मागे लोटतं आणि गाडी सुटते. चालताना कंबर सावरणं, एका पायावर वजन घेऊन दुसरा उचलणं, पडताना गुडघे दुमडून बसकण मारणं, यातलं काहीच तिथे घडत नाही. ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. आयर्लंडमध्ये १९० बाळांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वॉकरमध्ये घालवलेल्या एकूण प्रत्येक २४ तासांमागे आधाराविना उभं राहणं सरासरी ३.७ दिवसांनी आणि आधाराविना चालणं ३.३ दिवसांनी लांबल्याचं त्यात दिसलं. रोज एक तास वॉकर म्हणजे महिन्याला ३० तास, असा हिशेब घरी करून पाहा. चार दिवसांचा उशीर हे काही संकट नव्हे, हे खरं. पण ‘लवकर चालेल’ म्हणून ज्या वस्तूवर पैसे घालवायचे, तिचा परिणाम उलट्या दिशेने आहे, एवढं तरी खरेदीआधी माहीत असावं.

उशिरापेक्षा मोठा प्रश्न वेगाचा आहे. वॉकरमधलं मूल एका सेकंदात मीटरभर अंतर सहज कापतं. तुम्ही कढईपाशी उभे असाल आणि मूल तीन मीटरवर, तर वळून हात पुढे करेपर्यंत ते पोचलेलं असतं: गॅसच्या नळीपाशी, इस्त्रीच्या वायरपाशी, टेबलावरच्या चहापाशी. रांगणाऱ्या मुलाचा हात ओट्याखालच्या कपाटापर्यंत जातो, वॉकरमधल्या मुलाचा त्याहून बराच वर. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालची २,३०,००० हून अधिक मुलं वॉकरच्या अपघातामुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणावी लागली. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश जिन्यावरून कोसळलेली होती, आणि दहापैकी नऊ जणांना मार डोक्याला किंवा मानेला लागला होता. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात या सगळ्यांवरच बंदी घातली. आपल्याकडच्या घरांत जिना नसला तरी मोरीचा उंबरा असतो, आणि त्याच्या पलीकडे भरलेली बादली. पुढची चाकं उंबऱ्याला अडली की वॉकर तोंडावर उलटतो, आणि बैठकीत अडकलेल्या मुलाला हात टेकायलाही जागा मिळत नाही.

वॉकर घरात का येतो, हेही समजून घ्यायला हवं. घरात एकटी बाई असते, कुकर लावायचा असतो, दाराशी कुणीतरी आलेलं असतं. वीस मिनिटं मूल कुठेतरी सुरक्षित राहावं ही गरज खरी आहे, आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या गरजेला चाकं नकोत. खोलीचा एक कोपरा मोकळा करून सतरंजी अंथरायची, दोन बाजूंना भिंत आणि उरलेल्या दोन बाजूंना दिवाण किंवा आडवी ठेवलेली जड पेटी लावायची. आत दोन वाट्या, एक डाव, एक रिकामा डबा. कडेच्या दिवाणाला धरून मूल उठेल, बसेल, सरकेल, आणि वॉकरमध्ये अडकलेले पाय इथे खरोखर कामाला लागतील.

आता लाकडी गाडा. तो कधी द्यायचा? वयावर नका जाऊ. मूल दिवाण, स्टूल, आईचं लुगडं असं काहीतरी धरून आपलं आपण उभं राहतंय आणि कडेकडेने आडवं चालतंय, हे दिसलं की द्यायचा. बऱ्याच मुलांत हे नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान येतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत (पाच देशांत झाली, भारत त्यात होता) आधाराविना चालायला लागण्याचा सर्वसाधारण पल्ला ८.२ ते १७.६ महिने असा निघाला. म्हणजे शेजारची परी दहाव्या महिन्यात चालली आणि आपला पंधराव्यात, तर दोघंही वेळेवरच आहेत. अजून धड बसतही नसलेल्या मुलाला दांडा धरवून उभं करणं ही घाई आहे. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी हीच गोष्ट आयुष्यभर लावून धरली: जी स्थिती मुलाला आपली आपण घेता येत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवू नका. आमच्या मते पांगुळगाड्याच्या वापराची सगळी शिस्त या एका वाक्यात आहे.

विकत घेताना पहिली परीक्षा मागे उलटण्याची. बाजारातल्या हलक्या गाड्यांचा सगळ्यात मोठा दोष हाच. मूल चालण्याआधी दांडा धरून उठतं, म्हणजे तो खाली आणि मागे ओढतं. साधा हिशेब करू. दांडा जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे आणि मुलाने त्याला दोन किलोइतक्या जोराने मागे ओढलं, तर उलटवणारा जोर २ गुणिले ४५, म्हणजे ९०. गाडा अडीच किलोचा आणि त्याचं वजन मागच्या आसापासून १५ सेंटिमीटर पुढे एकवटलेलं असेल, तर सावरणारा जोर अडीच गुणिले १५, म्हणजे साडेसदतीस. गाडा उलटणारच, दांडा कपाळावर येणारच. आता पुढच्या चाकाजवळ, आसापासून ३० सेंटिमीटरवर, दोन किलो वाळूची पिशवी बांधा. त्यात ६० ची भर पडते, बेरीज साडेसत्त्याण्णव होते आणि गाडा जागेवर राहतो. नऊ किलोचं मूल मागे रेलून दोन किलोचा ओढा सहज देतं, कधी त्याहून जास्तही. म्हणून दुकानातच दांडा दोन बोटांनी मागे ओढून पाहा. पुढचं चाक लगेच उचललं तर दुसरा गाडा मागा, किंवा घरी आल्या आल्या वजन बांधायची तयारी ठेवा. वाळू जाड कापडाच्या पिशवीत दुहेरी शिवून, चौकटीला सुतळीने घट्ट बांधावी. सुटी वीट ठेवू नये, दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या पायावर असते.

वजनाचा दुसराही उपयोग आहे. फरशी गुळगुळीत, चाकं नवी आणि गाडा हलका असला की तो मुलाच्या पुढे पळतो. हात दांड्यावर, पाय मागे, अंग लांब होत जातं आणि शेवटी तोंडावर. ओठ फुटतो तो इथे. यावर बहुतेक जण चाकांना रबर लावतात आणि गाडा तरीही पळतो, कारण रबराने चाक घसरत नाही इतकंच, फिरायचं थांबत नाही. पळणं कमी करायचं तर आसापाशी घर्षण हवं. जुन्या धाटणीच्या गाड्यात लाकडी चाक लाकडी आसावरच फिरतं, म्हणून ते करकरतं आणि म्हणूनच बेताने चालतं. त्या करकरीला वैतागून तेल घालू नका! लोखंडी आस असेल तर चाक आणि चौकट यांच्यामध्ये जाड चामड्याची किंवा नमद्याची चकती घालून ती घट्ट बसेल असं करा. बेअरिंगची चाकं असलेला गाडा दिसायला भारी असतो, पण पहिल्या महिन्यात तो नको.

रबर लावायचं ते दुसऱ्या दोन कारणांसाठी: मुलाने एका बाजूला भार दिला की चाक आडवं सरकू नये, आणि खालच्या मजल्यावर खडखड जाऊ नये. सायकलची जुनी ट्यूब चाकाच्या रुंदीइतकी पट्टी काढून कापा. चाकाची कड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. रबर चिकटवायचा डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेनासा झाला की पट्टी ताणून बसवा. ओला असतानाच दाबली तर आठवड्यात सुटते. जोड सरळ न कापता तिरका कापा, म्हणजे कड उचलली जात नाही आणि मूल ती नखाने सोलत नाही.

दांड्याची उंची मुलाला शेजारी उभं करूनच बघावी: बेंबी आणि छाती यांच्या मध्ये, म्हणजे कोपर थोडं वाकलेलं राहील अशी. वर्षाच्या मुलाला साधारण ४२ ते ४८ सेंटिमीटर होते. दांडा खांद्याजवळ गेला तर मूल त्याला लोंबकळतं, फार खाली असला तर पुढे कलून धावतं. जाडी मुलाची बोटं पूर्ण वळतील इतकी, अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मागच्या दोन चाकांमधलं अंतर ३५ ते ४० सेंटिमीटर असावं. त्याहून अरुंद गाडा वळताना आडवा होतो, आणि त्याच्या आसाला किंवा चाकाला मुलाचा अंगठा ठेचतो.

सांधे खाचेत बसवलेले असतील तर उत्तम, नुसते खिळे ठोकलेले असतील तर सहा आठवड्यांत डुगडुगतात. दोन्ही उभ्या पट्ट्या धरून एकमेकींच्या उलट दिशेने पिळून पाहा, आवाज आला तर सोडून द्या. कुसळ आहे का हे बघायला डोळे पुरत नाहीत. कापसाचा बोळा घेऊन सगळ्या पट्ट्यांवरून, विशेषतः दांड्याच्या खालच्या बाजूने फिरवा. जिथे तंतू अडकून राहतो तिथे उद्या मुलाच्या तळहातात कुसळ जाणार. १२० आणि मग २२० चा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवला की काम होतं.

रंगाबद्दल थोडं ठामपणे सांगायला हवं. दात येत असलेलं मूल दांडा चावतं, हमखास. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे, पण औद्योगिक रंगांना तो लागू नाही, आणि जत्रेतल्या गाड्यावरचा लालभडक रंग कुठल्या डब्यातला आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून बिनरंगाचा गाडा मागा आणि त्यावर घरी कच्चं जवसाचं तेल फडक्याने चोळा. ‘बॉइल्ड’ लिहिलेलं तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीसारख्या ठिकाणच्या मालावर ते चिन्ह नसलं म्हणून तो वाईट ठरत नाही. तिथे रंग कोणता वापरला हे थेट विचारावं. गावातल्या सुताराकडून करून घेतलात तर सगळ्यांत चांगलं, वरची मापं कागदावर लिहून द्या.

वापराची पद्धत सोपी आहे, पण मोठ्यांना ती जमायला मुलापेक्षा जास्त दिवस लागतात. पहिल्या दिवशी गाडा भिंतीला टेकवून ठेवायचा, म्हणजे पुढे जाणार नाही. मुलाला उचलून त्याच्यामागे उभं करायचं नाही, ते रांगत येईल आणि दांडा धरून उठेल. उठबस दोन-चार दिवस नीट झाली की गाडा मोकळा करायचा. मोजे काढायचे, बूटही नकोत: अनवाणी तळवा फरशी पकडतो, मोजा घसरतो. तुम्ही गाड्याच्या पुढे दीड मीटरवर जमिनीवर बसायचं. दांडा तुम्ही धरायचा नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात, कंटाळलं की ते स्वतःच सोडून देतं.

गाडा भिंतीवर जाऊन अडेल, मूल ओरडेल. इथे मनातल्या मनात दहा आकडे मोजा. बहुतेक मुलं आधी जोराने ढकलतात, मग मागे ओढतात, मग कधीतरी मागची बाजू उचलून गाडा आडवा करतात. हा तिसरा प्रकार ज्या दिवशी सुचतो तो दिवस पाहण्यासारखा असतो. धावत जाऊन गाडा वळवून देणाऱ्या घरात तो आठवडेच्या आठवडे येत नाही, कारण तिथे अडलं की रडायचं हेच मूल शिकलेलं असतं.

आणि पडणं. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं टिपलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला सतरा! ‘अगं धर, धर, पडेल तो’ हे वाक्य ज्या घरात प्रत्येक झोकांडीला उमटतं, तिथे मुलाच्या या सतरातल्या पंधरा संधी काढून घेतल्या जातात. पडल्यावर आजीने जमिनीला ‘हात रे!’ करून मारणं प्रेमापोटीच असतं. पण त्यापेक्षा तीन सेकंद गप्प राहून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावं. लागलं नसेल तर ते आपल्याकडे बघतं आणि आपला चेहरा वाचून रडायचं की उठायचं ते ठरवतं. आजी-आजोबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक काम द्या: दीड मीटरवर बसून दिवसातली पडझड मोजायची. मोजायला लागलं की हात आपोआप मागे राहतो.

पडू देणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. बसकण मारून पडणं हा शिकण्याचा भाग आहे. मोरीतली भरलेली बादली, जिन्याचं उघडं तोंड, काचेचा टीपॉय, ओढला तर अंगावर येईल असा टीव्ही, लोंबती वायर हे मात्र धोकेच आहेत आणि ते मुलाच्या हुशारीवर सोडायचे नसतात. मुलाभोवती सोळा वेळा ‘पडशील’ म्हणण्यापेक्षा गाडा सुरू करायच्या आदल्या दिवशी जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून खोली एकदा बघा. बादल्या रिकाम्या करून उपड्या घाला, मोरीचं दार बाहेरून कडी लावून बंद ठेवा, टीव्ही भिंतीला पट्टीने बांधा. एका दुपारचं काम आहे, पुढचे सहा महिने ‘नको, नको’ म्हणायचं वाचतं.

सध्या पाठीवर बांधायची मधमाशीच्या आकाराची उशीही जोरात विकली जाते, मागे पडल्यावर डोकं वाचावं म्हणून. मागच्या बाजूपुरतंच तिचं काम, समोर आणि बाजूला ती काही करत नाही. पाठीवर फुगीर वजन आल्याने तोल बदलतो, आपल्या उन्हाळ्यात पाठ घामेजते. तिची गरज नाही. गुडघ्याच्या पट्ट्या खडबडीत अंगणात रांगणाऱ्या मुलाला ठीक, घरात नकोत.

किमतीचं म्हणाल तर साधा लाकडी गाडा १,००० रुपयांच्या आतबाहेर येतो, वॉकरला त्याहून जास्तच मोजावे लागतात. प्लॅस्टिकचे ढकलगाडे (पुढे बटणं, गाणी) या दोहोंच्या मध्ये बसतात. मूल उभं राहून ढकलतं म्हणून ते वॉकरपेक्षा केव्हाही बरे, पण वजनाला इतके हलके की वाळूची पिशवी बांधायलाही जागा नसते, आणि गाणं सुरू झालं की मूल चालायचं थांबून बटणं दाबत बसतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं हेही इथेच. १८ महिने पूर्ण झाले तरी आधाराविना चालत नसेल, सतत चवड्यांवरच चालत असेल, किंवा एकच पाय, एकच हात वापरत असेल तर दाखवा. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय जन्मतारखेपासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं. पडल्यानंतर बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलटी, विचित्र झोपाळूपणा, टाळू फुगणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

मूल गाड्याशिवाय खोली ओलांडू लागलं की वाळूची पिशवी सोडा आणि तिच्या जागी उथळ खोका बांधा. आता त्यात कांदे, बटाटे, वाळलेले कपडे भरून ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेऊन पोचवतं, अगदी गंभीर चेहऱ्याने. पुढच्या घरी द्यायची वेळ आली की आधी चाकाचं भोक बघा. ते झिजून अंडाकृती झालं असेल तर चाक डुगडुगतं आणि वळताना निखळतं. सुताराकडून नवी चाकं बसवून घ्या, आणि वाळूची पिशवीही गाड्यासोबतच द्या.